जरमिनाच्या आजोबांची वही

१

वही नाहीशी झाल्याचं लक्षात आलं तेव्हा साबुदाणावडे संपले होते, दुसरा चहा गॅसवर होता, आणि युरोपाने किती निर्वासित घ्यावेत याचा निकाल आमच्या दिवाणखान्यात दहाबारा माणसं एकाच वेळी लावत होती.

"गुरुदत्तकाका," चारुता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुम्ही ती नोटबुक आत ठेवलीत का? जरमिनाची?"

"मी? नाही. डायनिंग टेबलावर होती ना?"

"It's not there."

अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या घरी महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी वाचनकट्टा भरतो. खाली बेसमेंटमध्ये चौदाशे मराठी पुस्तकं आहेत आणि मी त्यांचा ग्रंथपाल आहे. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्या दिवशीची वक्ता चारुता होती. ती माझ्या मित्राची मुलगी, जन्मलेली इथलीच. वकील आहे, आणि युरोपच्या किनाऱ्यावर एकट्याने पोचलेल्या मुलांना कायद्याची मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम इथूनच कॉम्प्युटरवर करते.

जरमिना आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. काबूलहून आली, शिवणकाम करते. माझ्या बायकोने, रेखाने, तिला साडीवरचं ब्लाऊज बेतायला शिकवलं, आणि आता हर्नडनमधल्या निम्म्या मराठी बायकांची मापं तिला पाठ आहेत.

तिचा धाकटा भाऊ नवीद सोळा वर्षांचा. तो ग्रीसमध्ये अडकला होता. मोठी बहीण शुकरिया जर्मनीत, हॅम्बुर्गला. तिकडचा नियम चारुताने आम्हाला समजावला होता. ज्या देशात आधी पोचलात आणि बोटांचे ठसे दिलेत, बहुधा तिथेच तुमचा अर्ज चालतो. एकट्या आलेल्या अल्पवयीन मुलाला मात्र दुसऱ्या देशातल्या बहीणभावाकडे जाता येतं. पण नवीदच्या मनगटाचा एक्स-रे काढून कुणीतरी त्याला अठरा वर्षांचा ठरवला होता. अठरा म्हणजे मोठा माणूस, आणि मोठ्या माणसाला बहिणीची गरज नसते असं कागद धरून चालतो.

त्याचं खरं वय एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. आजोबा काबूलमध्ये शाळामास्तर होते. घरात मूल जन्मलं की ते आपल्या वहीत नोंद करत. बोटभर जाडीची, कादंबरीच्या आकाराची पुठ्ठ्याची वही. जरमिनाने देश सोडताना ती सोबत आणली होती. मंगळवारी अथेन्समध्ये सुनावणी होती, आणि मूळ वही दाखवा, फोटो चालणार नाहीत, असं शुक्रवारी कळलं होतं. कुरियर वेळेत पोचत नव्हता. नशिबाने आमच्या कट्ट्यावरचा शैलेंद्र रविवारी संध्याकाळच्या विमानाने ऑफिसच्या कामाला अथेन्सलाच निघाला होता. वही त्याच्याबरोबर जायची होती.

जरमिना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "काकाजी, वो हमारे पास एक ही है."

रेखाने गॅस बंद केला आणि सरळ मुद्द्यावर आली. "घरी कोण कोण गेलंय?"

मी आठवून सांगितलं, "शैलामावशी गेल्या, पण त्यांचं काय. शैलेंद्र बॅग भरायला गेला. आणि नरेंद्र..."

"नरेंद्र भांडून गेला," रेखा म्हणाली.

२

नरेंद्र खरंच भांडून गेला होता. तो निवृत्त रेडिऑलॉजिस्ट. आवाज असा की त्याने फोनवर 'हॅलो' म्हटलं तर फोनची गरज वाटू नये. चारुताचं भाषण संपताच तो उठला होता.

"आम्ही आलो ते रीतसर आलो. सात वर्षं पेपरवर्क केलं. नियम कशासाठी असतात? युरोपाने किती जणांना आत घ्यायचं? आकडा सांग."

"आकड्याचा प्रश्न बरोबर आहे, काका," चारुता म्हणाली होती. "पण एकदा मूल किनाऱ्यावर आलं की तो प्रश्न आकड्याचा राहत नाही ना."

"इमोशनल बोलू नकोस. तू वकील आहेस."

मग वही हातोहात फिरली. नरेंद्रने ती नाकाशी धरून एकेक पान पाहिलं, एक्स-रेचा रिपोर्ट मागून घेतला, त्याचा फोनवर फोटो काढला, काहीतरी पुटपुटला, आणि चहा न घेता तरातरा निघून गेला. आमच्याकडे चहा न घेता जाणं म्हणजे जवळजवळ राजीनामाच.

वही नंतर परत जरमिनाकडे आली होती, एवढं नक्की. रेखाला कप भरायला मदत करायला ती उठली तेव्हा तिने वही डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला ठेवली. त्यानंतर ती कुणीच पाहिली नव्हती.

आम्ही सोफ्याच्या उशा काढल्या. फ्रिजच्या मागे टॉर्च मारला. पहिल्या चहानंतर मी पुण्याहून आलेली नवी पुस्तकं दोन खेपांत खाली नेली होती, म्हणून बेसमेंटही पाहिलं. पण तिथे काय दिसणार? चौदाशे पुस्तकं, सगळ्यांना तपकिरी कागदाची कव्हरं, शाळेतल्या मुलांसारखी एका गणवेशात. हिरवट पुठ्ठ्याची वही त्यात कुठेच नव्हती. पुस्तकांसोबत खाली आलेल्या लेबलांच्या शीटचा नुसता चकचकीत कागद टेबलावर उरला होता. तो मी कचऱ्यात टाकला. पसारा दिसला की हात आपोआप आवरायला लागतात.

वर आलो तर चारुता येरझारा घालत होती. "मला नको वाटतंय म्हणायला, but he was so angry. त्यांच्या खांद्याला बॅग पण होती."

"पुरावा नाही," मी म्हणालो.

"मग शोधा की पुरावा," रेखा म्हणाली. "चाळीस वर्षं रहस्यकथा वाचताय."

"अगं, वाचणं वेगळं."

"तुम्हीच जा. मी गेले तर भांडण होईल, चारुता गेली तर केस होईल. तुम्ही कुणाच्या दारात उभे राहिलात की लोक तुम्हालाच पाणी देऊन धीर देतात."

 शैलेंद्रचं विमान रविवारी साडेचारला होतं. माझ्या हातात एक सकाळ आणि अर्धी दुपार होती.

३

नरेंद्र रेस्टनला राहतो. रविवारी साडेनऊला मी त्याच्याकडे पोचलो. निमित्त हवं म्हणून त्याच्या बायकोचा मागच्या महिन्यात राहिलेला डबा घेतला. रिकामा कसा परत करायचा म्हणून रेखाने त्यात बेसनाचे लाडू भरले होते. संशयिताकडे लाडू घेऊन जाणारा तपासनीस मीच असेन.

दार उघडून नरेंद्र म्हणाला, "तू? एवढ्या सकाळी? बरं आहे ना?" आणि त्याने मला पाणी दिलं.

त्याच्या स्टडीत टेबलभर कागद पसरले होते. मी आत येताच त्याने एक पिवळं पाकीट घाईने पुस्तकाखाली सरकवलं.  पाकीट बरोबर वहीच्या आकाराचं होतं.

"ते काय आहे?" मी विचारलं. म्हणजे विचारायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, "हवा छान आहे."

"हवा बघायला आलायस?"

"नरेंद्र, काल जरमिनाची वही नाहीशी झाली."

  मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"आणि तुम्हाला वाटलं मी घेतली."

"मला नाही..."

"त्या चारुताला वाटलं. साहजिक आहे. मी आरडाओरडा केला." त्याने पुस्तक उचललं, पाकीट ओढून माझ्यासमोर आपटलं. "उघड. उघड म्हणतो ना!"

आत वही नव्हती. दोन पानांचं टाईप केलेलं पत्र होतं. खाली नरेंद्रची सही, सगळ्या पदव्यांसकट.

"मी चाळीस वर्षं हाडं पाहिली," तो म्हणाला. "मनगटाच्या एक्स-रेवरून वय सांगतात ते अंदाजाने. वर्ष-दोन वर्षं इकडे-तिकडे सहज होतात. आणि हाडं ताडून बघायचे ते तक्ते बनले कुठल्या मुलांवरून? पोटभर खाणाऱ्या, वेगळ्या देशातल्या. त्या रिपोर्टमध्ये या चुकीचा उल्लेखसुद्धा नाही! एक ओळ नाही! माझ्या हाताखालच्या शिकाऊ रेसिडेंटने असा रिपोर्ट लिहिला असता तर मी त्याला घरी पाठवला असता. रात्रभर डोक्यात तेच होतं."

"पण तू तर काल म्हणालास..."

"मी काल म्हणालो नियम पाळा. आजही तेच म्हणतो. सोळा वर्षांचं मूल बहिणीकडे जाऊ शकतं, हा नियम आहे ना? मग सोळाच्या मुलाला अठराचा करणं कुठल्या नियमात बसतं?" त्याने लाडू तोंडात टाकला. "हे पत्र चारुताला दे. मी दिलं असं सांगू नकोस."

"सही आहे त्यावर तुझी."

"मग सांग."

पत्र छान होतं. पण दारापर्यंत मला पोचवायला आला तेव्हा त्यानेच ते सांगितलं, आणि माझा आनंद ओसरला.

"हे पत्र एकटं काही करणार नाही, गुरुदत्त. मी एवढंच म्हणू शकतो की तो अठरा असेलच असं नाही. सोळा आहे असं ती वहीच म्हणू शकते."

४

शैलेंद्र स्टर्लिंगला राहतो, वयाने चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला. अकरा वाजता तो बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून त्यावर बॅग उभी करायच्या खटपटीत होता.

"या ना काका. अथेन्सला कोणीतरी भाकरवडी मागितलीय, यार. तिथे पण आपली माणसं आहेत."

मला बघून त्याला आनंद झाला नव्हता. वही हरवल्याचं त्याला काल रात्री चारुताने फोनवर सांगितलं होतं. त्याने मला बसवलं, पाणी आणून दिलं, आणि स्वतः उभाच राहिला.

"मिळाली का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने श्वास सोडला. तो सुटकेचा होता. हे मला नक्की कळलं, कारण मी स्वतः आयुष्यभर असे श्वास सोडत आलो आहे. भाषण रद्द झालं, फोन लागला नाही, पाहुणे येणार नाहीत, की माझाही असाच सुटतो.

"शैलेंद्र," मी म्हणालो, "तुला ती न्यायची नव्हती."

तो खाली बसला. बॅगेवरच.

"काका, तुम्हाला म्हणून सांगतो. मी तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. तेरा! आता नंबर आलाय. ऑफिसमधला एक जण म्हणाला, दुसऱ्याचे डॉक्युमेंट्स कॅरी करू नकोस, एअरपोर्टवर प्रश्न विचारतील, नाव कुठेतरी लागेल. चारुताने सांगितलं की त्यात काही चूक नाही, ती लेटर पण देते म्हणाली. पटलं मला. पण रांगेतल्या माणसाला सगळ्याचीच भीती वाटते. काल फोन आला तेव्हा मनात पहिलं काय आलं माहितीये? बरं झालं. असं आलं मनात, काका. तो मुलगा तिकडे बसलाय आणि मला बरं झालं वाटलं."

"मनात येण्याला गुन्हा म्हणत नाहीत."

"पण मी घेतली नाही. शप्पथ. बॅग उघडून बघा ना!"

"नको, नको."

"बघाच!" त्याने खांद्यावरच्या बॅगेची चेन खर्रकन उघडली. लॅपटॉप, चार्जर, मानेची उशी, भाकरवडीचं पाकीट. बाजूच्या कप्प्यात माझ्याच वाचनालयाचं एक पुस्तक, तपकिरी कव्हर घातलेलं. मला बरं वाटलं. शैलेंद्र प्रत्येक प्रवासाला आमचं एक पुस्तक नेतो आणि न वाचता परत आणतो, तरी नेतो हे महत्त्वाचं.

"विश्वास आहे माझा," मी म्हणालो, आणि खरंच होता.

गाडीत बसलो तर रेखाचा फोन. "काय झालं?"

"नरेंद्रने घेतली नाही. शैलेंद्रनेही नाही."

"मग उरलं कोण?"

"शैलामावशी," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो. पण हसून झाल्यावर मी गाडी त्यांच्या घराकडे वळवली. दुसरा रस्ताच राहिला नव्हता.

५

शैलामावशी ऐंशीच्या पुढच्या. लेकीकडे राहतात. हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नाही. कट्ट्यावर भाषण कुणाचंही असो, त्या डायनिंग टेबलाशी बसून किराणा दुकानाच्या कागदी पिशव्या उलगडतात, कापतात, आणि नव्या पुस्तकांना कव्हरं घालतात. जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायची सवय, ती साठ वर्षं आणि एक समुद्र ओलांडून इथवर आली आहे. चौदाशे गणवेश त्यांनीच शिवले म्हणायचे.

"ये रे. शिरा खाशील?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वाटी भरली. "आज दिसतोयस मला. काल नुसता ठिपका दिसत होतास."

"का बरं?"

"अरे, काल सकाळी डोळे तपासायला नेलं ना पोरीने. थेंब घालतात, मग दिवसभर सगळं धुक्यात. काळा गॉगल लावून बसले होते, तुझं लक्ष नव्हतं? तो नरेंद्र म्हणाला, मावशी, एकदम सिनेमातल्या दिसताय."

"आणि तशी कव्हरं घातलीत?"

"कव्हर घालायला डोळे कशाला लागतात? हात जाणतात." त्या खूश झाल्या. "चांगली घातलीत ना?"

"उत्तम," मी म्हणालो. "मावशी, काल त्या टेबलावर जरमिनाची वही होती. तुम्ही कुणाला उचलताना पाहिलंत का?"

"बाई ग! हरवली? त्या मुलाची?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "पाहणार काय मी, गॉगलमध्ये? ठिपके आणि आवाज, एवढंच. अरेरे. ती पोरगी किती गुणी आहे. माझा ब्लाऊज काखेत घट्ट होत होता, एका दिवसात सैल करून दिला."

मग त्या जरमिनाच्या टाक्यांबद्दल बोलल्या, नंतर जावयाच्या गुडघ्याबद्दल, नंतर पुण्याच्या प्रकाशकांबद्दल. मी शिरा खात होतो आणि आता चारुताला काय सांगायचं याचा विचार करत होतो. दीड वाजला होता.

"आणि हो, त्या पुण्याच्या दुकानदाराला पत्र लिही," मावशी म्हणाल्या. "परत घ्या म्हणावं ते पुस्तक. छपाईचा काय हा भोंगळ कारभार!"

"कुठलं पुस्तक?"

"ते एक. उलटं बांधलेलं. नावाची चिठ्ठी पुढच्या पुठ्ठ्यावर असते ना, ती मागच्या पुठ्ठ्यावर. पानं चाळली तर धुक्यातही एवढं कळलं, पुढून कोरी, मागून भरलेली. पाठही उसवलेली होती, म्हणून मी जरा जाड कागद घातला. बाइंडर बिघडलेत हो पुण्याचे."

माझा चमचा वाटीत पडला.

६

"अहो, नीट सांगा," रेखा म्हणाली. मी धापा टाकत होतो. चारुता आणि जरमिना आमच्याकडेच बसल्या होत्या, दोघींचे डोळे सुजलेले.

"पुस्तक उलटं नव्हतं," मी म्हणालो. "आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणून आपलं पुस्तक एका बाजूने उघडतं. जरमिनाचे आजोबा उजवीकडून डावीकडे लिहायचे. त्यांची वही दुसऱ्या बाजूने उघडते. आपल्याला जे मागचं, ते त्यांचं पुढचं. मावशींना अक्षरं दिसत नव्हती, नुसती बाजू कळली. खिडकीकडच्या टोकाला वही होती, तिथेच नव्या पुस्तकांचा ढीग. मावशींनी हात पुढे केला आणि हाताला लागलं त्याला कव्हर घातलं."

"Oh my God," चारुता म्हणाली. "मग ती हिरवी राहिलीच नाही."

"आपण सगळे हिरवी वही शोधत होतो. आणि अजून एक. पुण्याहून अकरा पुस्तकं आली होती, माझ्या रजिस्टरात अकराच आहेत. आकडे छापलेल्या लेबलांचं शीट बाराचं असतं, कव्हर झालं की मावशीच त्यातलं एकेक चिकटवतात. काल मी ते पाहिलं तेव्हा एकही लेबल उरलेलं नव्हतं. बारावं कशाला लागलं? हे मला कालच सुचायला हवं होतं. मी शीट कचऱ्यात टाकलं."

"आणि टेबलावरून खाली कुणी नेली?" रेखाने विचारलं.

मी चष्मा पुसला. "मीच. दोन खेपांत."

रेखा हसू दाबत म्हणाली, "म्हणजे चोर सापडला."

आम्ही चौघं बेसमेंटमध्ये धावलो. नव्या पुस्तकांचा खण. १४०१, १४०२, १४०३. जरमिना बोट लावून मोजत होती. १४११ वर खण संपला.

"बारावं नाही," चारुता कुजबुजली.

दाराजवळ खिळ्याला देवघेवीची वही टांगलेली असते. पुस्तक नेणाऱ्याने स्वतः लिहायचं, मी कुणावर लक्ष ठेवत नाही. कालचं पान उघडलं. शेवटची नोंद घाईत केलेली होती. क्रमांक १४१२. पुस्तकाचं नाव या रकान्यात लिहिलं होतं, 'नंतर बघतो'. आणि पुढे सही.

शैलेंद्र.

सकाळी ते पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

चारुताने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घड्याळात सव्वातीन झाले होते.

७

चौथ्यांदा त्याने उचलला. मागे विमानतळाचा गलबला.

"सॉरी यार, सिक्युरिटीत होतो. फोन ट्रेमध्ये होता. बोल."

चारुताने फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मला फोनवर बोलायला आवडत नाही, पण ही चूक माझी होती.

"शैलेंद्र, तू आमचं पुस्तक घेतलंस ना? उघडून बघ."

"आत्ता? काका, बोर्डिंग... बरं, थांबा." चेन उघडल्याचा आवाज आला. "काका, हे तर... हे मराठी नाहीये."

"नाही."

"मी सकाळी तुम्हाला बॅग दाखवली!"

"मी पाहिली नाही. म्हणजे पाहिली, पण पाहिली नाही."

 वही सापडली होती, योग्य विमानाच्या दारात उभी होती, आणि तरीही सगळं एका घाबरलेल्या माणसावर येऊन थांबलं होतं. त्याच्यावर जोर करायचा मला काय अधिकार होता? चारुताने तोंड उघडलं, पण तिच्याआधी जरमिनाने फोन हातात घेतला.

"भैया," ती म्हणाली, "आपको डर लगता है, हमको मालूम है. मत ले जाइए. वहाँ काउंटर पे छोड़ दीजिए, हम आके ले लेंगे. आपका भी घर है."

तिचा आवाज स्थिर होता. 

पलीकडे फ्लाईटची घोषणा झाली, कुणाचं तरी मूल रडलं.

"नवीदका पेज कौनसा है?" त्याने शेवटी विचारलं.

"पीछे से... नहीं, आपके आगे से. कोरे पन्नों के बाद, तीसरा."

पानं उलटल्याची सळसळ. "यहाँ तो बहुत कुछ लिखा है. तारीख छोड़के क्या लिखा है?"

जरमिनाने डोळे मिटले. तिला पाठ होतं. "लिखा है, आज बर्फ़ गिरी. दाई देर से आई. लड़का पूरा मोहल्ला जगा के रोया. दादाजी हर बच्चे का मौसम लिखते थे."

शैलेंद्र एकदम हसला. रडल्यासारखा हसला. मग मराठीत म्हणाला, "चारुता, तुझं ते लेटर फोनवर पाठव. आणि नरेंद्रकाकांनी पत्र लिहिलंय असं काका सकाळी म्हणाले, ते पण. तिथे कुणाला भेटायचं त्याचं नाव, नंबर, सगळं. काका, कस्टम्सने विचारलं तर काय सांगू? लायब्ररीचं पुस्तक?"

"खरं सांग," मी म्हणालो.

"खरंच सांगतो. चला, माझा ग्रुप आला. फोन ठेवतो, नाहीतर विचार बदलेल."

विचार बदलला नाही. कुणीही त्याला काही विचारलं नाही. त्याचं त्याला थोडं वाईटच वाटलं, कारण विमानात त्याने उत्तर पाठ केलं होतं. मंगळवारच्या सुनावणीला तो स्वतः ऑफिसमधून सुटी काढून बाहेरच्या बाकावर बसून राहिला. त्याने काढलेल्या फोटोत नवीद आम्हाला पहिल्यांदा दिसला. कान मोठे, मान बारीक, दुसऱ्याचं जाकीट घातलेला. नरेंद्रने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "हा अठरा? डोळे फुटलेत का लोकांचे?"

निकाल यायला तीन आठवडे लागले. वय सोळा धरलं गेलं. मग हॅम्बुर्गला विनंती गेली, तिकडून होकार आला, मग कागद, मग तिकीट. नवीद बहिणीकडे पोचेपर्यंत मार्च उजाडला. चारुता म्हणते हे लवकर झालं. त्यावर नरेंद्रने पुन्हा युरोपाच्या कारभारावर भाषण दिलं, या वेळी दुसऱ्या बाजूने.

तो पोचल्याचं कळलं त्या शनिवारी योगायोगाने कट्टा होता. सगळे दिवाणखान्यात जमले. जरमिनाने हॅम्बुर्गला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टेबलावर टेकवून ठेवला. पडद्यावर शुकरिया आली, ओठांवर बोट ठेवूनच. ती फारसीत काहीतरी अगदी हळू बोलली.

"वो सो रहा है," जरमिना आमच्याकडे वळून कुजबुजली. "कल रात खाना खाया और सो गया. तब से उठा ही नहीं. इसने दो बार जाके साँस देखी."

"उठवू नका त्याला," चारुता कुजबुजली.

"नाही नाही, झोपू दे," नरेंद्र म्हणाला. तो इतक्या हळू बोलू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

शुकरियाने फोन हातात घेतला आणि दार बोटभर उघडलं. अंधाऱ्या खोलीत पांघरुणाचा एक उंचवटा दिसला, आणि उशीवर थोडे काळे केस. आम्ही सगळे श्वास रोखून त्या उंचवट्याकडे बघत राहिलो.

रेखा चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेली, आणि शिट्टी व्हायच्या आत तिने कुकरखालचा गॅस बंद केला.